विहीर, समोसे आणि माझी दोन भाषणं

पहिलं भाषण मी एप्रिलमध्ये केलं आणि ते साफ पडलं. अकरा मिनिटं मी कागदावरून वाचत होते. सातव्या मिनिटाला मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, समोसे थंडे होऊन राह्यले." सगळे हसले. मीही हसले, कारण रडणं बरं दिसलं नसतं.

विषय होता आमच्या लेआउटमधल्या विहिरीचा. नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला आमची 64 घरं आहेत आणि मधोमध एक जुनी दगडी विहीर. नळ आले तशी ती मागे पडली, मग कचराकुंडी झाली. दर उन्हाळ्यात बागेला आणि बांधकामांना टँकर मागवायचे आणि त्याच विहिरीत निर्माल्याच्या पिशव्या टाकायच्या, असा आमचा कारभार. मी सोसायटीची कोषाध्यक्ष. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात सव्वीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे टँकरची बिलं बघून पोटात दुखायचं. गाळ काढणं, कठडा दुरुस्त करणं, वर लोखंडी जाळी आणि पंप, सगळं मिळून अंदाज आला 1,44,000 रुपये, म्हणजे घरामागे 2,250. दुसरा प्रस्ताव असा होता की विहीर बुजवून वर फरशी टाकायची आणि तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचं. तो मांडणारे काका बोलायला पक्के. दोन मिनिटं बोलले, एक विनोद केला आणि टाळ्या घेतल्या. माझ्या अकरा मिनिटांनंतर निर्णय 'पुढच्या सभेत' ढकलला गेला. त्या दिवशी मतदान झालं असतं तर आज तिथे गाड्या उभ्या असत्या.

रात्री उशिरा शेजारचे दादा आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, तिरप्या स्वभावाचे, पण मनाने सरळ. म्हणाले, "ताई, तुमचं बोलणं खरं होतं. पण थे कोणासाठी होतं, तेच समजलं नाही." मला राग आला. राग उतरल्यावर कळलं की ते भाषण मी माझ्या जमाखर्चाच्या वहीसाठी केलं होतं.

दुसऱ्या रविवारी महाल भागात आत्याकडे गेले. आत्या ऐंशीच्या पुढची. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत देवळांतून नारदीय कीर्तन करायची. मी कागद वाचून दाखवला. 'सदर विहिरीच्या पुनरुज्जीवनाबाबतच्या प्रस्तावाच्या अनुषंगाने' इथपर्यंत आले आणि तिने हात वर केला.

"ही गौडी झाली गं."

मला वाटलं, ही कसलीतरी गोष्ट सांगतेय. तर ती काव्यशास्त्रावर बोलत होती. आठव्या शतकातल्या वामनाने काव्याच्या रीती सांगितल्या: वैदर्भी, गौडी आणि पांचाली. रीती हाच काव्याचा आत्मा, असं त्याचं म्हणणं. गौडीत लांबलचक समास आणि शब्दांचा गडगडाट. वैदर्भी मात्र मोकळी, गोड, ऐकता ऐकता समजणारी, आणि सगळे गुण असलेली रीत म्हणून त्याने तिलाच वरचा मान दिला. "आपल्या मुलखाचं नाव असलेली रीत आणि तू नागपुरात बसून गौडी बोलतेस," आत्या म्हणाली. तेवढ्यावर मी 'अनुषंगाने' खोडलं. 'सदर' खोडायला आणखी आठवडा लागला. ऑफिसची सवय सहजी सुटत नाही.

मग तिने कीर्तनाची बांधणी समजावली. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग घेऊन त्याचं निरूपण, तत्त्वाची बाजू. मग गजर. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान, तेच तत्त्व एखाद्या माणसाच्या आयुष्यात घडताना दाखवायचं. "तू नुसता पूर्वरंग केलास, आणि तोही रुपयांचा. समोर एक माणूस उभा कर." गजर का असतो, असं मी विचारलं. मला वाटायचं, कीर्तनकाराला दम घ्यायला. ती म्हणाली, "तेही आहेच. पण श्रोत्याला ऐकलेलं मुरवायला वेळ लागतो. तू न थांबता बोललीस तर तो कधी मुरवणार?"

हे अॅरिस्टॉटलनेही सांगून ठेवलंय, असं मुलीने घरी आल्यावर ऐकवलं. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना आणि मुद्द्यातलं तर्कशास्त्र, ही त्याची तीन साधनं: इथॉस, पॅथॉस, लॉगॉस. माझ्याकडे तिसरंच तेवढं होतं. ग्रीक नावं मी पाठ केली, पण खरं सांगायचं तर पुढे कामाला आली आत्या आणि शेजारचे दादा.

दादांनी बाबासाहेबांच्या भाषणांची एक पुस्तिका आणून दिली, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून घेतलेली. कोपरे दुमडलेली, जागोजागी पेन्सिलच्या खुणा. 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासाहेब त्याच मैदानावर मराठीत बोलले. ते भाषण मी आधीही वाचलं होतं, पण श्रद्धेने. या वेळी हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचलं: कुठला मुद्दा कुठे ठेवलाय? सुरुवातीलाच त्यांनी लोकांच्या तोंडी असलेला प्रश्न उचलला: हे कार्य नागपुरातच का? राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून, असं काही जण म्हणत होते. त्यांनी ती शंका स्वतःच मांडली, ती खरी नाही असं सांगितलं, आणि मग नाग लोकांचा आणि बौद्ध धम्माच्या प्रसाराचा इतिहास समोर ठेवला. म्हणजे विरोधकाचा प्रश्न आधी आपल्या तोंडून यायचा. तो टाळला तर ऐकणारा आतल्या आत त्यालाच धरून बसतो आणि आपलं पुढचं बोलणं त्याच्या कानावरून जातं.

त्याच पुस्तिकेत संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाचा अनुवाद होता. 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. दोन बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि मधली फट ऐकणाऱ्याला दिसू द्यायची. माझ्याकडेही अशी एक फट होती. अंगणात भरलेली विहीर आणि दारात टँकर. एप्रिलच्या कागदात ती चौथ्या पानावर, परिशिष्टात होती!

माझा एक प्रयोग फसला, तोही सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मी इतवारीत मारबत बघायला गेले. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक. काळी मारबत आणि पिवळी मारबत हे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, आणि सोबत बडगे. बडगे म्हणजे त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे पुतळे, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत. लोक ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" शेकडो गळ्यांतून तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि अंगावर काटा येतो. मला वाटलं, आपल्याही भाषणाला असं पालुपद हवं. घरी येऊन लिहिलं: 'पाणी कुणाचं? आपलं! विहीर कुणाची? आपली!' तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "आई, आता फक्त चिन्ह सांगायचं राहिलं." मग तिनेच मार्टिन ल्यूथर किंग यांचं उदाहरण दिलं. 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनला लिंकन स्मारकासमोर बोलताना 'माझं एक स्वप्न आहे' हा गाजलेला भाग त्यांच्या लिहून आणलेल्या मजकुरात नव्हता. जवळच असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी ओरडून स्वप्नाची आठवण करून दिली, किंगनी कागद सोडला आणि ते पालुपद येत गेलं. त्यांच्यामागे चर्चमधल्या प्रवचनांची तालीम होती. माझ्यामागे रोकडवही. पालुपद काढून टाकलं.

उत्तररंगासाठी मला माणूस हवा होता. मी सासूबाईंना घेतलं. लेआउट नवीन होतं तेव्हा त्या याच विहिरीचं पाणी शेंदायच्या. मी लिहिलं की ही विहीर त्यांना आईसारखी होती, शेवटपर्यंत त्या तिची आठवण काढत. तालमीत माझाच गळा दाटला. नवरा पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न करता म्हणाला, "आई त्या विहिरीला शिव्या घालायची. खांदा तिनंच घालवला म्हणायची."

खरं होतं ते. आणि मला ते माहीत होतं. तरीही लिहिताना हात थांबला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. समोरच्याला रडवायची युक्ती सापडली की माणूस किती पटकन खोटं बोलतो!

मग शेवटची गोष्ट सुचली ती गाडगेबाबांवरून. आमच्या अमरावतीकडचे. लहानपणी माझ्या आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं आणि ते घरी नक्कल करून दाखवायचे. बाबा लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचे आणि मग त्या उत्तराचं माप लोकांच्याच पदरात टाकायचे. मधूनच 'गोपाला गोपाला'चा गजर. पण आजोबा आणखी एक सांगायचे. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. दिवसभर आपली गटारं साफ करणारा माणूस रात्री स्वच्छतेवर बोलतो तेव्हा त्याला 'तू कोण सांगणारा?' असं कोण विचारणार?

सभेच्या आधीचे तीन रविवार मी आणि दादांनी विहिरीभोवतीची झुडपं काढली. पहिल्या रविवारी आम्ही दोघंच. दुसऱ्या रविवारी तीन पोट्टे आले, चेंडू शोधायच्या निमित्ताने. तिसऱ्या रविवारी पार्किंगवाल्या काकूंनी चहा पाठवला. काकूंनी, काकांनी नव्हे. मी भाषणात या सफाईचा उल्लेखही केला नाही. करायची गरजच उरली नव्हती.

सभा सप्टेंबरमध्ये झाली. या वेळी समोसे आधी वाटून घेतले.

मी कागद घरीच ठेवला. पहिलं वाक्य होतं: "या विहिरीत उद्या कोणाचं लेकरू पडलं तर? ही भीती मलाही आहे." काकांनी मान वर केली. हा त्यांचा पहिला मुद्दा होता, तो मी घेतला. डासांचाही घेतला. जाळी खर्चात धरली आहे आणि गप्पी मासे सोडता येतात, एवढं सांगून पुढे गेले.

मग विचारलं, "मागच्या उन्हाळ्यात टँकर किती आले असतील?"

"पंधरा." "नाही बाप्पा, वीस तरी." "आमच्याच गल्लीत दहा आले." आवाज चढत गेले. कोणीतरी पैज लावली. मी गप्प उभी होते, आणि उभं राहणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. हात कुठे ठेवावे समजत नाही. जीभ आकडा सांगायला शिवशिवते. शेवटी पार्किंगवाले काकाच म्हणाले, "चाळीस धरा."

"एक्केचाळीस," मी म्हटलं. "एकाचे किती?"

"नऊशे!" हे बऱ्याच जणांना पाठ होतं.

पुढचा गुणाकार मी केला नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मोबाइलवर केला आणि मोठ्याने वाचला, "छत्तीस हजार नऊशे." मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे चार उन्हाळ्यांत विहीर फुकट." हेच वाक्य एप्रिलमध्ये मी दोनदा वाचलं होतं आणि कोणाला ऐकूही आलं नव्हतं. आता ते त्यांचं होतं.

सासूबाईंची गोष्ट शेवटी सांगितली, शिव्यांसकट. त्यांचा खांदा, कठड्यावर दोरानं पडलेली खाच, आणि "पंप असता तर या विहिरीचं नाव घेतलं असतं मी देवासारखं" हे त्यांचं बोलणं. ते मात्र खरंच त्यांचं आहे, नवऱ्याला विचारून घेतलं होतं. जुन्या बायका हसल्या, मग गप्प झाल्या. सहा मिनिटांत मी खाली बसले. हात वर झाले 51.

त्या रात्री झोप लागली नाही. पंपाचं वीजबिल आणि देखभाल मिळून वर्षाला सात-आठ हजार लागतील, हे मी बोललेच नव्हते. एप्रिलच्या कागदावर ते होतं, तिसऱ्या पानावर. भाषण सुटसुटीत करताना गळलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण सव्वीस वर्षं खतावणी लिहिलेल्या बाईला, आकडा गळला की गाळला, एवढं कळतं. सकाळी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी सगळा हिशेब लावला. दोघांनी नाव मागे घेतलं. दादा म्हणाले, "कायले लावलं? कोणी इचारलं होतं का तुमाले?"

काम डिसेंबरमध्ये सुरू झालं. पहिल्या दिवशी गाळातून अकरा चेंडू, दोन गणपती, एक कळशी आणि प्रेशर कुकरचं झाकण निघालं. काठावर गर्दी होती. पार्किंगवाले काका वाकून बघत होते. ते झाकण काकूंनी लगेच ओळखलं.

काका संध्याकाळी 2,250 रुपये घेऊन घरी आले. पावती नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "देखभालीचे वेगळे मागाल नं आता?"

"मागीन," मी म्हटलं. "बोर्डावर लिहिलंय."