एक्स-रे नॉर्मल आला, पण अंगठ्याखालचा खळगा दुखतच होता

पावसात राजवाड्याजवळ माझी गाडी स्लिप झाली आणि मी उजव्या तळहातावर पडले, सूज अगदी थोडी, बोटं सगळी हलत होती, त्याच दिवशीचा एक्स-रे पण नॉर्मल, तर दवाखान्यात सांगितलं मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा. सासूबाई म्हणाल्या पहेलवानाकडून चोळून घे, मी स्पष्ट नाही म्हटलं, हाड मोडलंय का हे पक्कं कळल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. कात्री चालवली की अंगठ्याच्या बुडाशी कळ, कुलपात किल्ली फिरवली की तीच कळ. शेवटी ऑर्थोपेडिककडे गेले. त्यांनी अंगठा मागे ताणायला लावला, असा ताणला की मनगटाच्या कडेला दोन नसा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, वर येतात आणि त्यांच्यामधे खळगा पडतो बघा, तिथे बोट दाबून विचारलं, "यहाँ दर्द है?" मी ओरडलेच.

तिथे स्कॅफॉइड नावाचं हाड असतं, काजूएवढं. त्याची बारीक भेग पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही, म्हणून संशय असला की हात बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढतात नाहीतर एमआरआय. माझी भेग दुसऱ्या एक्स-रेत दिसली. ह्या हाडाला रक्त बरंचसं बोटांकडच्या टोकाने येतं, त्यामुळे मधे मोडलं तर मनगटाकडच्या तुकड्याला ते कमी पडतं, जुळायला वेळ लागतो, आणि तसंच राहिलं तर पुढे मनगटाचा संधिवात मागे लागतो.

अंगठ्याचं प्रत्येक दुखणं हेच असतं असं नाही हं. माझ्या नणंदेला बाळ उचलून उचलून झालं होतं, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जीव जायचा, ती नसांच्या आवरणाची सूज, डी क्वेर्वेन म्हणतात. आणि पडताना अंगठा बाहेर ताणला गेला आणि मग चिमटीत कागदसुद्धा धरवत नसेल तर लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, दाखवून घ्या, पूर्ण तुटलं असेल तर ऑपरेशन लागू शकतं.

प्लास्टर निघालं तेव्हा हात बघून रडूच आलं. बारीक झालेला, कातडी सुटलेली, अंगठा हलेना. फिजिओ ताईंनी आधी कोमट पाण्यात हात ठेवायला सांगितलं, मग अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावायचं, करंगळीपर्यंत पोचलं की तिच्यावरून खाली घसरत बुडाशी, आणि सगळ्यात शेवटी तळव्यावरच्या रेघेला, ह्यालाच त्या १० पैकी मार्क द्यायच्या. मी अनामिकेवर अडकले होते, कितीतरी दिवस. ओढून पुढे न्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, व्यायामाचं दुखणं थोड्या वेळात थांबलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर कमी करायचं.

ताकदीसाठी पुट्टी, म्हणजे दाबायचा मऊ गोळा, होती, घरी मी कणकेचा गोळा चिमटीत दाबायचे. कात्री त्यांना विचारूनच हातात घेतली, आधी वर्तमानपत्र कापलं, मग अस्तर, मग सुती कापड. काठापदराचं जाड कापड अजून जाऊबाई कापून देतात, आणि तळहात टेकून जमिनीवरून उठता येत नाही, त्यासाठी आता भिंतीला हात लावून हळूहळू भार द्यायचा व्यायाम सुरू केलाय.