गॅसचा फायरप्लेस पेटवण्याआधी

ऑक्टोबर सरता सरता न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंतच्या घरांमध्ये गॅसचा फायरप्लेस मोसमात पहिल्यांदा लावला जातो. लाकूड नाही, राख नाही, बटण दाबलं की ज्योत. त्यामुळे याला काही करावं लागत नाही, असा समज घट्ट बसलेला असतो. घर घेतल्यापासून एकदाही न उघडलेले फायरप्लेस कितीतरी असतात. हा समज धोक्याचा आहे. ज्योत गॅसची असली तरी तिला भरपूर हवा लागते आणि जळून तयार झालेले वायू घराबाहेर जावेच लागतात. फायरप्लेसमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं या हवेच्या वाटेत कुठेतरी अडकल्यामुळे बिघडतं. काच चकचकीत करणं ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट.

आधी आपल्याकडे कुठला प्रकार आहे ते ओळखा. पुढची काच खटक्यांनी घट्ट बसवलेली आहे आणि बाहेरच्या भिंतीवर किंवा छपरावर धातूची जाळीदार टोपी दिसते, तर तो डायरेक्ट व्हेंट. यात पाइपच्या आत पाइप असतो. बाहेरच्या पाइपातून ताजी हवा येते, आतल्या पाइपातून धूर जातो आणि खोलीतल्या हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही. बी-व्हेंट प्रकार खोलीतली हवा घेतो आणि धूर छपरावरून सोडतो. व्हेंट-फ्रीला धुराडंच नसतं, जळलेलं सगळं खोलीत येतं. चौथा प्रकार म्हणजे जुन्या लाकडाच्या फायरप्लेसमध्ये बसवलेले गॅसचे ओंडके. तिथे चिमणीचा पडदा, म्हणजे डँपर, पूर्ण बंद होऊ नये म्हणून त्याला क्लँप लावलेला असायलाच हवा. क्लँप नसेल तर तो बसेपर्यंत गॅस लावू नका. खालची जाळी उघडली की बहुतेक वेळा एक धातूची पट्टी सापडते. तिच्यावर मॉडेल नंबर, गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तिचा फोटो काढून ठेवा, सुटे भाग मागवताना तोच लागतो.

आता सफाई. इथे डायरेक्ट व्हेंट धरून लिहितो आहे, कारण नव्या घरांत तोच जास्त दिसतो. खालचा नॉब ऑफवर न्या आणि गॅसच्या पाइपावरची झडप बंद करा. तिची दांडी पाइपाला आडवी असेल तर बंद, पाइपाच्या रेषेत असेल तर चालू. पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, तोही विझलेला हवा. नुसता पायलट चालू असला तरी आतली जागा तापलेली राहते. चालू फायरप्लेसची काच हात भाजून कातडी चिकटेल इतकी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. म्हणून आदल्या रात्री बंद करून सकाळी काम करणं उत्तम.

काच खालच्या, काही मॉडेलमध्ये वरच्याही, स्प्रिंगच्या खटक्यांनी धरलेली असते. खटके सोडवा, काचेची चौकट दोन्ही हातांनी खालून थोडी पुढे ओढा, वर उचला आणि जुन्या टॉवेलवर आडवी ठेवा. मागच्या कडेला फट बंद करणारं दोरीसारखं किंवा पट्टीसारखं गॅस्केट असतं, ते बोटाने चाचपून पाहा. कुठे सुटलं, चपटं झालं किंवा कडक होऊन तुटत असेल तर बदलायला हवं, कारण डायरेक्ट व्हेंटमध्ये सील गेलं की हवेचं सगळं गणित बिघडतं. काचेवरची पांढुरकी झाक पाण्याची वाफ आणि गॅसमधल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येते. ती तशीच मोसमभर तापत राहिली तर काचेत कायमची उतरते. त्यासाठी फायरप्लेसच्या काचेचं खास क्रीम मिळतं, ते मऊ कापडाने लावा आणि नंतर ओल्या कापडाने पूर्ण पुसून काढा. घरातला अमोनियाचा स्प्रे, तारेची घासणी, ब्लेड यांतलं काहीही नको. काचेवर बोटांचे ठसे राहू देऊ नका, तापल्यावर तेही भाजून बसतात. काचेला तडा किंवा कडेला टवका दिसला तर फायरप्लेस बंद ठेवा आणि उत्पादकाचीच चौकटीसकट काच मागवा. काचेच्या दुकानातून मापाने कापून आणलेली साधी काच इथे चालत नाही.

आतले शोभेचे ओंडके उचलण्याआधी त्यांचा समोरून आणि वरून फोटो काढा. प्रत्येक ओंडक्याची जागा ठरलेली असते आणि तो अर्धा इंच सरकला तरी ज्योत त्याच्यावर आपटून काजळी धरते. काही ओंडके सिरॅमिक फायबरचे असतात, म्हणजे हलके आणि ठिसूळ. त्यांना पाणी लावू नका, रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झटका. ही धूळ फुप्फुसांना वाईट, तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. ओंडक्यांवर मखमलीसारखी काळी काजळी जमली असेल तर ती नुसती झटकून समाधान मानू नका. याचा अर्थ ज्योतीला हवा कमी पडते आहे किंवा ओंडका ज्योतीच्या वाटेत आला आहे. कारण न शोधता पुसलं तर दोन आठवड्यांत पुन्हा तेच.

हवा कमी पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कोळी. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जिथे गॅस बारीक छिद्रातून सुटतो आणि हवा ओढून घेतो, तिथे उन्हाळाभर कोळी जाळं विणून ठेवतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारं ते जाळं हवा अडवायला पुरतं. मग ज्योत पिवळी, लांब आणि आळशी होते. ही जागा टॉर्चने पाहा आणि ब्रशची नळी लावलेल्या व्हॅक्यूमने साफ करा. बर्नरवरची भोकंही तशीच. सुई, खिळा किंवा ड्रिल घालून भोक मोठं करू नका, कारण त्या भोकांचं माप ठरवून दिलेलं असतं. बर्नरवर निखाऱ्यांसारखे दिसणारे रॉकवूलचे तुकडे असतात. त्यांचा अगदी विरळ थर पुरतो. छान दिसतं म्हणून जास्त पसरले आणि पायलटजवळची भोकं झाकली गेली, तर गॅस लगेच पेट घेत नाही, साचतो आणि मग भप्पकन पेटतो. असा आवाज एकदा जरी आला तरी फायरप्लेस बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. साचलेला गॅस एकदम पेटला की त्याचा पहिला मार काचेवर बसतो. काचेचे स्प्रिंगचे खटके नीट काम करत असणं त्यासाठीच महत्त्वाचं, ते तारेने बांधून टाकू नका.

पायलट पेटतो, बर्नर पेटत नाही

जुन्या पद्धतीत पायलट कायम जळत असतो आणि त्याची ज्योत दोन दांड्यांवर पडते. थर्मोकपल पातळ असतो आणि साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट देतो. पायलट विझला तर गॅस तोडणं हे त्याचं काम. थर्मोपाइल जाड असतो आणि मुख्य झडप उघडण्याइतकी वीज तयार करतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बर्नर बंद असताना थर्मोपाइलच्या टोकांवर मल्टिमीटरने किमान ३२५ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. चांगला थर्मोपाइल ५००च्या आसपास देतो. पायलटची ज्योत या दांड्यांच्या वरच्या ३/८ ते १/२ इंच भागाला वेढून असली पाहिजे. ती मरतुकडी किंवा पिवळी दिसली तर पायलटच्या टोपीत कचरा आहे.

नॉब सोडताच पायलट विझत असेल तर आधी पूर्ण ६० सेकंद दाबून धरून पाहा. तरीही विझला तर थर्मोकपलवर मळ आहे किंवा तो संपला आहे. पायलट उत्तम जळतो पण भिंतीवरचं बटण दाबून बर्नर पेटत नाही, तेव्हा अनेकदा दोष बटणात किंवा तारेच्या जोडात असतो. अर्ध्या व्होल्टचा हा खेळ आहे, तारेच्या टोकावर जरासा गंज आला तरी प्रवाह अडतो. या बटणाला घरातली १२० व्होल्टची वीज कधीही जोडायची नाही, झडप तत्काळ जळते.

नव्या फायरप्लेसमध्ये ठिणगीने पेटणारा पायलट आणि ज्योत ओळखणारी दांडी असते. टकटक होऊन ज्योत लागते आणि काही सेकंदांत विझते, हे त्या दांडीवर पांढरा थर आल्याचं लक्षण. बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. वीज गेल्यावर चालाव्यात म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्या दर मोसमाला बदला. विसरलेल्या बॅटऱ्या पाझरून मॉड्यूलची टोकं खातात.

पुन्हा पेटवताना नॉब ऑफवर ठेवून ५ मिनिटं थांबा आणि जमिनीलगत वास घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, आपल्या सिलिंडरच्या गॅससारखाच खाली साचतो. पाइपातून येणारा नॅचरल गॅस हलका, तो वर जातो. वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला किंवा ९११ला फोन करा. वास नसताना जोड तपासायचे असतील तर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे. पान्याने आवळत बसण्यापेक्षा झडप बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहिलेली बरी.

सगळं परत बसवून पेटवल्यावर १५ मिनिटं समोर बसून ज्योत पाहा. सुरुवातीला ती निळी असते, तापली की टोकं पिवळी होतात. बुंधा निळा, टोकं मऊ पिवळी, ज्योत ओंडक्याला घासत नाही, हे बरोबर. मोसमातल्या पहिल्या दिवशी धूळ जळल्याचा वास येतो, खिडकी उघडी ठेवली की तासाभरात जातो.

मग घराबाहेर जा. भिंतीवरच्या टोपीत पक्ष्याचं घरटं, पानं, वाऱ्याने अडकलेली प्लास्टिकची पिशवी आहे का पाहा. शेजारची विनाइलची साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण, वितळल्यासारखी लाटेदार झाली असेल तर धूर नीट बाहेर फेकला जात नाही आहे किंवा अंतर कमी ठेवलं गेलं आहे. हिमवादळानंतर टोपीभोवतीचा बर्फ काढल्याशिवाय फायरप्लेस लावायचा नाही.

फोडणी, उदबत्ती आणि बी-व्हेंट

आपल्या घरांत हा मुद्दा खास महत्त्वाचा. फोडणीसाठी आपण स्वयंपाकघरातला हूड पूर्ण वेगाने लावतो. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. घट्ट बांधलेल्या घरात सगळ्यात सोपी वाट म्हणजे बी-व्हेंटचा पाइप, आणि मग धूर उलटा खोलीत येतो. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा हूड असेल आणि घरात असं उपकरण असेल, तर अमेरिकेतली निवासी बांधकाम संहिता भरपाईच्या हवेची सोय करायला सांगते. तपासायची रीत सोपी आहे. दारं-खिडक्या लावा, हूड आणि बाथरूमचे पंखे सुरू करा, फायरप्लेस १० मिनिटं चालू ठेवा आणि पेटती उदबत्ती फायरप्लेसच्या उघड्या तोंडाच्या वरच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो खोलीकडे वळला तर फायरप्लेस लगेच बंद, आणि धुराड्याची तपासणी होईपर्यंत लावायचा नाही.

व्हेंट-फ्री फायरप्लेसबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पर्याय असेल तर नको. हवेतला ऑक्सिजन १८ टक्क्यांवर उतरण्याआधी गॅस तोडणारा पायलट त्यात असतो, तरीही कॅलिफोर्नियात घरात असे हीटर चालत नाहीत आणि कॅनडातही परवानगी नाही. तेलाची वाफ, धूप, मेणबत्त्या यांचे कण त्याच्या ज्योतीतून जळून विचित्र वास आणि छतावर काळे पट्टे येतात. असलाच तर खिडकी थोडी उघडी ठेवा आणि तो लावून झोपू नका.

कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवा. ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग असताना, तो एक ते चार तासांत वाजतो, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे कमी प्रमाणात बराच वेळ तो गप्प असू शकतो. ताप नसताना घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखणं, मळमळणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, एवढ्यावर घर सोडून ९११ला कळवा. अलार्मच्या मागे मुदत छापलेली असते. ती संपली की बटण दाबून वाजला तरी तो बदला.

लहान मूल असेल तर काचेपुढची जाळी काढू नका. ज्या फायरप्लेसची काच १७२ फॅरनहाइटच्या, म्हणजे ७८ सेल्सिअसच्या वर तापते, त्यांना २०१५पासून अमेरिकेतल्या मानकानुसार अशी जाळी सोबतच यावी लागते. घर जुनं असेल तर वेगळी विकत घ्या. फायरप्लेसपुढे ३ फूट मोकळे हवेत. गणपतीचं थर्मोकोलचं मखर, दिवाळीची तोरणं आणि कागदी आकाशकंदील मँटेलवर, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीवर, मांडले असतील, तर तेवढे दिवस गॅसची झडपच बंद ठेवा. घरात पाहुणे असतात, रिमोट कुणाच्याही हातात जातो.

वर्षातून एकदा तंत्रज्ञ बोलवायचा तो दाब मोजायला. नॅचरल गॅसचा बर्नरकडचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजला तर साधारण ३.५ इंच, प्रोपेनचा १० इंच असतो, पण प्रमाण मानायचं ते पट्टीवर लिहिलेलं. अमेरिकेत नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र विचारा, कॅनडात प्रांताचा गॅस परवाना. त्याने मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, काढलाच नाही आणि काच पुसून बिल दिलं, तर तपासणी झाली नाही असं समजा. दाब आणि थर्मोपाइलचे मिलिव्होल्ट बिलावर लिहून मागा. गेल्या वर्षी ५३० आणि यंदा ३६० दिसले, तर नवा थर्मोपाइल आत्ताच मागवा. जानेवारीत सुटे भाग आणि तंत्रज्ञ दोन्ही लवकर मिळत नाहीत.