जिप्सीच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मोजताना

ऑटोक्रॉससाठी (मैदानावरच्या वळणावळणाच्या शर्यतीसाठी) इंजिन बांधतोय म्हटलं की लोक विचारतात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला टाकलास, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) किती, पॉवर किती वाढेल. या इंजिनावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये उरणाऱ्या दोन-अडीच मिलिमीटर जागेवर. ती जागा कशी मोजली, कुठे कमी निघाली आणि मग काय केलं, ते सविस्तर लिहितो. आपल्याकडे बरेच जण कॅमसोबत आलेल्या कागदावर विश्वास ठेवून हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) बंद करतात, आणि ते मला मनापासून धोक्याचं वाटतं.

गाडी मारुती जिप्सी किंग. सोळा व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मिमी, कंपनीतून निघताना ८० बीएचपी. कॅमशाफ्ट एकच, तोच इनटेक (मिश्रण आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) दोन्हीकडच्या व्हॉल्व्हचे रॉकर हलवतो. गाडी आता रस्त्यावर फिरत नाही, ट्रेलरवरून मैदानावर जाते. जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण ही इंजिनं तोंडपाठ असलेली माणसं ठाण्यात अजून आहेत. त्यातल्याच एकांच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात हे काम झालं. त्यांना सगळे काकाच म्हणतात.

इंजिनात काय काय बदललं होतं? पिस्टन फोर्ज्ड, वर व्हॉल्व्हसाठी खाचा असलेले. कॅम जास्त लिफ्टचा आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा. हेड अर्धा मिलिमीटर फेस केलेलं, म्हणजे खालून घासलेलं. शिवाय तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेकच्या दोन्ही सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कडा) खराब होत्या, म्हणून तिथे नव्या रिंगा बसवल्या होत्या. यातला प्रत्येक बदल ती जागा खातो. हेड घासलं की व्हॉल्व्ह खाली येतात. लिफ्ट वाढली की ते आणखी खोल उतरतात. नवी सीट लावली की व्हॉल्व्ह जुन्या झिजलेल्या सीटइतका आत बसत नाही, पिस्टनकडे थोडा पुढे राहतो. कॅम बनवणाऱ्याला तुमचं हेड किती घासलंय आणि कुठली सीट बदललीय हे कुठून कळणार? त्यामुळे आपल्या पार्टवर आपणच मोजायचं.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन आपटण्याचा धोका नेमका कधी असतो हे आधी समजून घेतलं पाहिजे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. अडचण असते ती एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होतो त्या टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या बिंदूच्या) आसपास, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात तेव्हा. टीडीसीच्या आधी क्रँकच्या (पिस्टन वर-खाली नेणाऱ्या दांड्याच्या) साधारण दहा अंशांवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि पिस्टन त्याच्यामागून वर येत असतो. टीडीसीनंतर तेवढ्याच अंशांवर इनटेक व्हॉल्व्ह उघडत पिस्टनच्या मागे लागतो. माझ्या स्ट्रोकला टीडीसीनंतर दहा अंशांवर पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर खाली सरकलेला असतो, वीस अंशांवर जवळपास तीन. म्हणून नेमका टीडीसीवर मोजलेला आकडा फसवा असतो. सगळ्यात कमी जागा त्याच्या दोन्ही बाजूंना सापडते.

इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा स्टीलच्या कनेक्टिंग रॉडसाठी सर्वसाधारण पाळला जाणारा नियम. अॅल्युमिनियमचे रॉड असतील तर आणखी जास्त लागते. एक्झॉस्टला जास्त का? तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो, आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंग कमी पडली की वेळेवर मिटत नाही. पिस्टन तर मागून येतच असतो. शिवाय या टीडीसीला वर जळणाऱ्या मिश्रणाचा दाब नसतो, त्यामुळे पिस्टनचं वजन रॉडला ताणत नेतं आणि पिस्टन गाळ्यात हाताने फिरवताना दिसतो त्यापेक्षा थोडा वर जातो. मी ७५०० आरपीएमची मर्यादा ठरवली होती. त्या वेगाला क्रँकचे दहा अंश ०.२२ मिलिसेकंदात संपतात. दोन मिलिमीटर ऐकायला भरपूर वाटतात, पण या सगळ्याला पुरवून उरायचं असेल तर ते लागतातच.

पहिलं काम खरी टीडीसी शोधण्याचं. टीडीसीजवळ पिस्टन काही अंश जवळपास हलतच नाही, त्यामुळे डायलचा (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या गेजचा) काटा कुठे थांबला ते बघून टीडीसी ठरवली तर एक-दोन अंश सहज चुकतात. आम्ही ब्लॉकवर आडवी लोखंडी पट्टी बोल्टने बसवली, मधल्या बोल्टने पिस्टन वर येण्याआधीच अडवला. क्रँक एका बाजूने फिरवून पिस्टन टेकल्यावर क्रँकला लावलेल्या अंशचक्रावर तारेच्या काट्याने दाखवलेला आकडा लिहिला, मग उलट बाजूने फिरवून दुसरा. दोन्हीच्या बरोबर मध्ये टीडीसी. तो काटा वाकवून शून्य जुळवलं आणि पुन्हा दोन्हीकडून टेकवून खात्री केली. कॅमची पुली अॅडजस्टेबल होती, ती कॅमच्या कागदाप्रमाणे लावली. हेड फेस केल्यावर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टमुळे टायमिंग किंचित मागे पडतं, त्यामुळे जुन्या खुणा जुळवून चालत नाही.

मग क्लेची पद्धत. मूर्तिकार नमुन्यासाठी वापरतात ती तेलाची क्ले नौपाड्यातल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळाली. शाडू इथे उपयोगाचा नाही, तो वाळतो आणि तडकतो. पहिल्या पिस्टनच्या खाचांमध्ये क्लेचे जाड थर दाबले, वर आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला तेल लावलं, म्हणजे क्ले चिकटून उचलली जात नाही. हेड आणि ब्लॉकमध्ये आधी वापरून दबलेलं, त्याच जाडीचं गॅस्केट घातलं. नवं गॅस्केट यात वाया घालवू नका. हेड क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळलं, टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली मोकळीक ठरवणारे स्क्रू) शून्य मोकळीकीवर लावले. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला, अगदी सावकाश. कुठेही जड लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. काकांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः कान लावून बसले.

हेड काढल्यावर क्लेमध्ये चारही व्हॉल्व्हचे स्वच्छ ठसे उमटले होते. ब्लेडने खाचेच्या आडवा काप घेऊन सगळ्यात पातळ जागा कॅलिपरने मोजली. इनटेकला १.७ मिमी, एक्झॉस्टला २.८. क्लेचा मोठा फायदा म्हणजे व्हॉल्व्हची कड आणि खाचेची भिंत यांच्यातली बाजूची जागाही दिसते. ती १.३ मिमीच्या खाली नसावी, माझी १.५ होती. मोठे व्हॉल्व्ह बसवणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण डायलने हे कळत नाही.

मी म्हटलं, "काका, इनटेकला तीन पॉइंट (०.३ मिमी) कमी आहेत, थोडं घासू." ते म्हणाले, "हे एकाचं झालं. बाकीच्या तिघांचं काय? सीट तर तू तिसऱ्याची बदललीस."

म्हणून डायल लावला. मूळच्या कडक स्प्रिंगा काढून हलक्या, बोटाने दाबता येतील अशा स्प्रिंगा घातल्या, व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या चकतीवर) व्हॉल्व्हच्याच दिशेत डायल धरला. टीडीसीच्या वीस अंश आधीपासून वीस अंश नंतरपर्यंत दर दोन अंशांनी थांबायचं, व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबायचा आणि काटा किती फिरला ते लिहायचं. माझ्या इंजिनात मोकळीक स्क्रूने लावायची असल्यामुळे हे सोपं गेलं. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) टॅपेट असतील तर मोजणीपुरते घट्ट टॅपेट घालावे लागतात, नाहीतर ते दबतात आणि जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते. काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण त्या वहीतले आकडे खाली उतरत एका ठिकाणी वळतात आणि पुन्हा वर चढू लागतात ते बघताना इंजिन आत काय करतंय ते पहिल्यांदा नीट समजलं. पावसाळा होता, खाडीकडच्या दमट हवेत उघडा बोअर रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे रोज निघताना तेलाचा हात फिरवणंही आलंच.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला इनटेकची सर्वात कमी जागा १.६५ ते १.७ मिमी निघाली, टीडीसीनंतर दहा-बारा अंशांवर. क्लेशी जुळलं. तिसऱ्याला फक्त १.३५. नव्या सीटने साडेतीन दशांश मिलिमीटर खाल्ले होते. फक्त पहिला सिलिंडर मोजून त्या हिशोबाने खाचा घासल्या असत्या तर तिसरा तसाच कमी राहिला असता.

आता उपाय तीन. एक, जाड गॅस्केट. सात दशांश जाडी वाढवली तर या बोअरला प्रत्येक सिलिंडरमागे तीन सीसी जागा वाढते आणि माझं १०.३ चं कॉम्प्रेशन ९.६ वर येतं. हेड फेस केलं ते याच्यासाठीच का? शिवाय पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली चपटी फट वाढते, आणि मिश्रण घुसळण्यासाठी तीच कामाची असते. दुसरा उपाय कॅम मागे घेण्याचा. तो करून बघितला. कॅम एकच असल्यामुळे इनटेकला जे मिळतं ते एक्झॉस्टकडून जातं. क्रँकचे चार अंश मागे घेतल्यावर तिसऱ्याचा इनटेक १.७ झाला आणि एक्झॉस्ट २.८ वरून २.४५ वर आला. म्हणजे दोन्ही कमी. त्यातून कॅम मागे गेला की खालच्या आरपीएमची ओढ कमी होते, आणि ऑटोक्रॉसमध्ये वळणातून बाहेर पडताना नेमकी तीच लागते.

तिसरा उपाय इनटेकच्या खाचा खोल करणं. त्याआधी खाचेखाली पिस्टनच्या डोक्याची जाडी किती उरते ते मोजलं, वरच्या रिंगच्या खोबणीपासूनचं अंतर तपासलं आणि पिस्टन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेशी ताडलं. ०.८ मिमी काढल्यावरही जाडी ५ मिमीच्या वर राहत होती. कळवा पूल ओलांडून विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे एमआयडीसीत गेलो. तिथल्या मशीन शॉपमध्ये पिस्टन व्हॉल्व्हच्या कोनात धरायचं फिक्स्चर आधी करून घेतलं. कोन चुकला तर व्हॉल्व्हची एक कड जवळ राहते आणि खोली वाढवून उपयोग होत नाही. गरज तिसऱ्यालाच सगळ्यात जास्त होती, तरी चारही पिस्टन सारखेच कापले, म्हणजे कॉम्प्रेशन आणि वजन चौघांचं सारखं राहतं. खाचांच्या धारदार कडा हाताने मोडल्या. त्या तशाच राहिल्या तर लाल तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. नंतर चारही पिस्टन तोलून बघितले, ब्युरेटने जागा मोजली. सिलिंडरमागे ०.७ सीसी वाढली होती, कॉम्प्रेशन १०.१. एवढं चालतं.

पुन्हा सगळं जोडून पुन्हा चौघांना डायल लावला. तिसऱ्याचा इनटेक २.१५, बाकीचे २.४५ ते २.५. एक्झॉस्ट चारही २.८. कॅम कागदावरच्या जागेवरच. त्यानंतर खऱ्या स्प्रिंगा, नवं गॅस्केट आणि शेवटचा टॉर्क.

रनिंग-इन आणि पहिल्या स्पर्धेनंतर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून चारही पिस्टन बघितले. खाचांमध्ये काजळीचा सलग थर होता, व्हॉल्व्ह टेकल्याची चकाकती खूण कुठेही नव्हती. कॅमची जागा, गॅस्केटची जाडी आणि आठही आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या पट्टीवर कोरून लावले आहेत. एक्झॉस्टला किमानाच्या वर ०.३ मिमी शिल्लक आहे, तिसऱ्याच्या इनटेकला ०.१५. म्हणजे हे हेड पुन्हा फेस करायची वेळ आली तर एक-दीड दशांशापलीकडे जाता येणार नाही, आणि तेवढं केलं तरी डायल चौघांना लावावाच लागेल.