नाताळची रात्रपाळी

टोरोंटो शहराच्या पूर्व भागात स्कारबरो आहे. १९८३ च्या दंगलींनंतर श्रीलंकेतून बाहेर पडलेले तमिळ लोक इथे एवढ्या संख्येने आले की किराणा, सोनार, वकील, सगळं तमिळमधून मिळतं. तिथल्या एका तमिळ रेडिओवर मी रात्रपाळीचा तंत्रज्ञ होतो. हा रेडिओ साध्या संचावर लागायचा नाही. एफएमच्या उपवाहक लहरीवरून प्रसारण व्हायचं आणि त्यासाठी दुकानातून वेगळा संच विकत घ्यावा लागे. घराघरांतल्या स्वयंपाकघरात तो दिवसभर चालू असायचा.

स्टेशन दोन गोष्टींवर चालायचं: सिनेमाची गाणी आणि मृत्युवार्ता. गाण्यांमुळे लोक ऐकायचे, मृत्युवार्तांमुळे आमचे पगार निघायचे. त्यांचा साचा ठरलेला. जन्म पॉइंट पेड्रोचा, नंतर वास्तव्य कोलंबोला, आता स्कारबरो. मुलगा ऑस्लोला, मुलगी झ्युरिकला, भाऊ लंडनला. मग अंत्यदर्शनाची वेळ. तमिळ मला कामापुरतंच यायचं, पण ऐकून ऐकून श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफना द्वीपकल्पातली गावं मला आमच्या तालुक्यातल्या गावांसारखी पाठ झाली होती.

२५ डिसेंबर २००४ ला माझी ड्यूटी होती. घरी नाताळ नाही, म्हणून मीच मागून घेतली होती. समोर काचेपलीकडे अक्का, म्हणजे आमच्या ज्येष्ठ निवेदिका. श्रोत्यांच्या पसंतीचा कार्यक्रम, संगीतकार इळैयराजाची गाणी. अक्कांचा सूर रेडिओ सिलोनच्या तमिळ सेवेवर घडलेला. आपण अमीन सायानींबद्दल बोलतो तसे हे लोक तिथले निवेदक बी. एच. अब्दुल हमीद यांच्याबद्दल बोलतात.

साडेदहाच्या सुमाराला एका बाईंचा फोन आला. मला वाटलं, फर्माईश. बाई म्हणाल्या, "तम्बी, गाणं नको. गावात समुद्र शिरलाय म्हणतात." श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआकडच्या होत्या. तम्बी म्हणजे धाकटा भाऊ. पाठोपाठ फोनचे सगळे दिवे लुकलुकायला लागले. टीव्हीवर तोवर सुमात्राजवळच्या भूकंपाचीच बातमी होती, त्सुनामीची नव्हती. श्रीलंकेत २६ तारखेची सकाळ उजाडलेली होती.

त्या वर्षी एक गोष्ट वेगळी होती. २००२ मध्ये सरकार आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यात शस्त्रसंधी झाला, जाफन्याला जाणारा ए-९ रस्ता उघडला आणि कित्येक वर्षांनी लोक सुट्टीत मुलाबाळांना घेऊन गावी जायला लागले. म्हणजे इथल्या माणसांचे नुसते म्हातारे आईबापच नाही, बायकामुलंही तिकडे होती.

माझ्या पडद्यावर पुढच्या तासांच्या जाहिराती लागलेल्या होत्या, बॉक्सिंग डेच्या, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या सेलच्या. साड्या, दागिने, डीव्हीडीवर सूट, प्रत्येकीत झांजा आणि हशा. मालकांना उठवलं. ते म्हणाले, सगळं काढ. गाणीही गेली. तमिळ सिनेमात समुद्रावर किती गाणी आहेत, हे मी त्या रात्री पहिल्यांदा मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मध्ये मध्ये नुसती वीणा लावली. एक दुकानदार फोनवर म्हणाला, "मी दुकान उघडतोय, ज्याला परदेशी फोन करायला फोनकार्ड हवंय त्याने या, पैसे उद्या द्या." ती एकच जाहिरात आम्ही रात्रभर केली.

पण फोन लागत कुठे होते! ईशान्य किनाऱ्यावरच्या मुल्लैतीवूला तर मुळातच लाइन जेमतेम. मग अक्कांनी एक केलं. ज्याचा कुणाचा फोन लागेल त्याने आम्हाला कळवायचं आणि त्या गावातलं कोण सुखरूप आहे ते सांगायचं. नावं कागदावर आली आणि अक्का वाचायला लागल्या. साचा मृत्युवार्तेचाच! जन्म अमुक गावचा, वास्तव्य तमुक, मुलगा स्कारबरोला, भाऊ लंडनला. मग जिथे अंत्यदर्शनाची वेळ यायची तिथे, "हयात आहेत, देवळात आहेत." तीस वर्षांच्या सवयीचा तो सपाट, संथ आवाज. पहिल्या दोन-तीन नावांना ऐकणाऱ्यांच्या छातीत धस्स झालं असणार. एकाने तसा फोन केलाही. पुढच्या वेळेपासून अक्का "हयात" आधी म्हणायला लागल्या.

जाफना शहर बचावलं, द्वीपकल्पाचा पूर्व किनारा नाही. पहाटेपर्यंत मणलकाडू, मुल्लैतीवू, काल्मुनै ही किनाऱ्यावरची नावं पुन्हा पुन्हा यायला लागली, आणि त्यांच्यापुढे वाचायला काही नसायचं. लोक विचारायचे, यादीत आमचं गाव का नाही? मी म्हणायचो, अजून कुणाचा फोन नाही. दुसरं काय सांगणार?

श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. तो आकडा आम्हाला त्या रात्री माहीत नव्हता. पुढच्या आठवड्यात खऱ्या मृत्युवार्ता यायला लागल्या, एकेका घरातल्या चार-चार, पाच-पाच नावांच्या. अक्का त्या एका दमात वाचत नसत. मालकांनी त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. आमचे जानेवारीचे पगार उशिरा झाले, कुणी विचारलं नाही.