टी-टू म्हणजे टू-टियर नव्हे

मंडळी, मागची नोंद मी तिकिटं हातात पडल्यावर थांबवली होती. आता जाऊन आलोय. व्हिएतनाममध्ये रेल्वेने हनोई ते सायगाव, १,७२६ किलोमीटर, तीन तुकड्यांत, मी आणि माझे वडील, अण्णा. बायकोने आधीच हात जोडले होते, "एवढं विमानाने जायचं आणि तिथं पुन्हा गाडीत झोपायचं? तुम्ही बापलेकच जा." शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी झालं तरी स्टेशनचं नाव अजून सायगावच आहे. आणि अण्णा ते नाव असं घ्यायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे जावळीतल्या सायगावला लग्नाला निघालेत.

व्हिएतनामच का, असं काही जणांनी विचारलं होतं. कारण एकच, मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मी शाळेत होतो तेव्हा मिरजेत तिन्ही गेज एका आवारात होते. पुण्याकडून ब्रॉड, लोंढ्याकडे मीटर, आणि पंढरपूर-लातूरकडे ती अडीच फुटी नॅरो. अण्णांनी तर पुण्याची गाडीसुद्धा मीटरवर असलेली पाहिली आहे. आता सगळं एकच झालं, बरं झालं, मिरजेत सामान घेऊन गाडी बदलायची कटकट संपली. पण हजार मिलिमीटरच्या रुळावर रात्रभर झोपायची हौस राहून गेली होती. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत देशाची मुख्य लाइनच मीटर गेज, आणि तीही एकेरी, असं दुसरीकडे कुठे मिळणार?

आता मुद्द्यावर येतो. परदेशातल्या गाड्यांचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी सगळ्यांसारखाच आधी क्लास बघायचो. फर्स्ट आहे का, एसी आहे का, दोन बर्थचा डबा मिळतो का. वहीत रकानेही त्याच क्रमाने पाडले होते. आता क्रम उलटा झालाय. पहिला रकाना 'उजेड कुठं', दुसरा 'खिडकी कुठल्या अंगाला', आणि क्लास तिसरा. हे मला आपल्याच लाइनीने शिकवायला हवं होतं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला वर्षानुवर्षं जाणारी सांगलीची माणसं आहेत, त्यातल्या कित्येकांनी शिंदवणे घाट आयुष्यात पाहिलेला नाही. एसीत पांघरूण घेऊन घाटावरून घरंगळत गेले. त्याच रुळावरून दिवसाच्या कोयना एक्सप्रेसने साध्या खिडकीला बसून जा, आदर्कीची वळणं दिसतात, वाठारचा उजाड माळ दिसतो, निम्म्या भाड्यात. लाइन तीच आहे, फक्त वेळ वेगळी.

तरी थायलंडला माझी चूक झालीच. तिथं बँकॉक-चियांग माय रात्रीची गाडी, ७५१ किलोमीटर. सेकंड क्लास स्लीपर म्हणजे आपल्या साइड लोअर-साइड अप्परसारखे, रुळाच्या दिशेने लांब बर्थ, दोन्ही बाजूंना, मधे वाट. दिवसा समोरासमोर खुर्च्या असतात आणि रात्री अटेंडंट येऊन पाच मिनिटांत त्यांचं अंथरूण करतो. खालचा बर्थ रुंद आणि महाग, वरचा अरुंद आणि स्वस्त. मी म्हटलं रात्रीचीच तर गाडी, वरचा घेऊ. वरच्याला खिडकीच नसते हे चढल्यावर कळलं. सकाळी गाडी डोंगर चढत होती, खुन तानचा बोगदा गेला, साडेतेराशे मीटरचा, १९१८ साली पूर्ण झालेला, आणि मी पडद्याआड छताकडे बघत पडलो होतो. खालचा प्रवासी अजून घोरत होता, त्यामुळे खाली उतरून बसायचीही सोय नव्हती. चारदोनशे रुपये वाचवले, एवढंच.

म्हणून व्हिएतनामला मी आधी नुसता नकाशा घेऊन बसलो. हनोईहून ह्वेपर्यंत ६८८ किलोमीटर, त्यातला बराचसा पट्टा सपाट, भातशेतीचा. तो रात्री गेला तरी चालतो. ह्वे ते दा नांग जेमतेम १०३ किलोमीटर, पण हाय वानचा घाट इथंच, समुद्राच्या कडेला. हा दिवसाउजेडी हवा म्हणजे हवा. पुढे दा नांग ते सायगाव ९३५ किलोमीटर, पुन्हा रात्र. एकाच गाडीत सलग बसलं तर दीड दिवसाचा प्रवास होतो. मी तो ह्वेला एक मुक्काम आणि दा नांगला एक मुक्काम असा तोडला. दर तुकड्याचं तिकीट वेगळं. आपल्याकडच्या ब्रेक जर्नीच्या सवयीने एकाच तिकिटावर उतरायचा विचार करू नका. तिथं तिकीट म्हणजे त्या गाडीतली ती जागा, बाकी काही नाही. गाड्यांचे नंबर मात्र लक्षात ठेवायला सोपे आहेत. दक्षिणेकडे जाणाऱ्या एसई-१, एसई-३, आणि उत्तरेकडे येणाऱ्या एसई-२, एसई-४. विषम खाली, सम वर.

क्लास चार. हार्ड सीट, सॉफ्ट सीट, सहा बर्थचा हार्ड स्लीपर, चार बर्थचा सॉफ्ट स्लीपर. 'हार्ड'ला घाबरू नका, फळीवर पातळ का होईना गादी असते. बर्थचा मजला तिकिटावर टी आणि आकडा असा लिहितात. टी-१ सगळ्यात खालचा आणि महाग, मग टी-२, आणि सहा बर्थवाल्यात टी-३ सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वस्त.

हे सगळं आज मी शहाण्यासारखं सांगतोय, पण बुक करताना मी काय केलं? सॉफ्ट स्लीपरच्या यादीत टी-१ आणि टी-२ दिसलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने डोळ्यांनी ते 'टू-टियर' वाचलं. वाटलं, चला, टू-टियर म्हणजे चांगलाच असणार, आणि वर दोन पैसे कमीही आहेत. दोघांचीही टी-२ काढली. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं नाही, पण डॉक्टर दर भेटीला आठवण करून देतात.

हनोईला डब्यात शिरलो आणि नंबर जुळवले तेव्हा अण्णांचा बर्थ डोक्याच्या वर. वर चढायला भिंतीला एक दुमडती लोखंडी पायरी, तळहाताएवढी. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. खालच्या एका बर्थवर एक कॉलेजातला वाटावा असा मुलगा मोबाइल बघत बसला होता. त्याने एकदा अण्णांच्या पायांकडे पाहिलं, उशी काढून वर फेकली, आपली सॅक वर टाकली आणि पायरीवर पाय देऊन चढलाही. मी काही बोलायच्या आत. मी फरकाचे पैसे पुढे केले तर त्याने हात हलवून नको म्हटलं.

अण्णांनी पिशवीतून भडंगाचा डबा काढला. सांगलीहून निघताना बायकोने दोन किलो दिलं होतं, लसूण जास्त घातलेलं. मुलाने वरून हात खाली सोडून मूठभर घेतलं, खाल्लं, खोकला, डोळे पुसले, आणि परत हात खाली सोडला. पुढे तासभर हे असंच चाललं होतं. तेवढ्यात जेवणाची ढकलगाडी आली. अण्णांना चहा हवा होता, ते जोरात म्हणाले, "चाय, चाय!" त्या बाईने मान डोलवली, मांसाची पातेली झाकली आणि भात, टोफू, उकडलेली पालेभाजी असं वाढून दिलं. व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. आम्ही दोघंही शाकाहारीच, त्यामुळे चहाच्या हाकेवर आख्खं जेवण मिळालं. तुमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी हा शब्द पाठ करून जावा. चहासाठी 'च्या'च्या जवळ जाणारा शब्द आहे, तो अण्णांना सायगावपर्यंत जमला नाही.

अण्णांना एक खोड आहे, कुठलाही बर्थ ते वितीने मोजतात. आपला साइड लोअर त्यांच्या मोजणीत तीन वितींना थोडा कमी. इथला खालचा साडेतीन भरला. "बारक्या रुळावर आपल्यापेक्षा रुंद कसा?" हा प्रश्न त्यांनी मला रात्री अकराला विचारला. उत्तर सोपं आहे. आपण एका खणात आडवे सहा आणि वाटेपलीकडे आणखी दोन असे आठ जण कोंबतो, त्यांनी चारच ठेवलेत आणि वाट एका बाजूला काढलीय. रूळ अरुंद असला तरी माणसं कमी. अण्णांनी ते मान्य केलं, पण लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या गाडीत निम्मी माणसं चढवली तर?" यावर मी झोपलो.

ह्वे ते दा नांग आम्ही सॉफ्ट सीट घेतली आणि हा निर्णय मला सगळ्यात बरोबर वाटतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. स्लीपर घेतला असता तर खणाची खिडकी समुद्राकडे येईल की डोंगराकडे, हे डबा कुठल्या तोंडाने जोडलाय त्यावर ठरलं असतं. खुर्चीच्या डब्यात निदान दोन्हीकडे खिडक्या, उठून पलीकडे जाता येतं. लांग कोचं खाजण मागे पडलं की चढ सुरू होतो. गाडी सायकलच्या वेगावर येते, कर्जतला लागतं तसं इथंही मागून जोर द्यायला दुसरं इंजिन. रस्त्याच्या गाड्यांसाठी २००५ साली सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाला, त्यामुळे बसवाले डोंगराच्या पोटातून निघून जातात. रेल्वे अजून कड्याला धरून वळसा घालते. आत्ता पुढचं इंजिन आपल्याला खिडकीतून आडवं दिसतंय, खाली झाडी, त्याखाली पांढरी वाळू आणि एकही माणूस नाही. हाय वानचा अर्थ समुद्र आणि ढग. आम्हाला दोन्ही मिळाले, खिडकीच्या काचेवरच्या ओरखड्यांसकट. एसी डबा, त्यामुळे खिडकी उघडत नाही, फोटोंचं वाटोळं झालं. शेवटी मी दाराजवळच्या बोळकांडीत जाऊन उभा राहिलो.

एक गोष्ट आधी कळली नव्हती. दा नांग स्टेशन फाट्यावर आहे, तिथं गाडी उलटी होते. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं. म्हणजे थेट जाणाऱ्यांनी डावी खिडकी पकडली असेल तर दा नांगनंतर ती उजवी होते. नकाशात ते दिसत होतं, मी नीट पाहिलं नव्हतं.

शेवटच्या तुकड्याला, प्रयोग म्हणून, मी सहा बर्थवाल्यात मधला घेतला. अण्णांना अर्थातच सॉफ्टमधला खालचा, यावेळी टी-१, तीनदा तपासून. मधल्यावर बसता येत नाही, मान वाकवून कोपरावर राहावं लागतं. आपल्या थ्री-टियरच्या मिडल बर्थवर वाढलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही. वरच्यावर मात्र एक आजीबाई होत्या, त्या एकदा चढल्या त्या सायगावलाच उतरल्या. साठीच्या पुढच्या कुणाला घेऊन जात असाल तर खालचा बर्थ आणि चार बर्थवाला डबा, यात तडजोड नको. एकटे असाल तर सहावाला भरपूर झाला, गप्पाही होतात.

पुढचं. वहीत आता स्वित्झर्लंड उघडलंय, आणि तेही मीटर गेजच. सेंट मॉरिट्झ ते इटलीतलं तिरानो, ६१ किलोमीटर. ओस्पित्सियो बेर्निना स्टेशन २,२५३ मीटरवर आणि तिरानो ४२९ मीटरवर, म्हणजे अठराशे मीटरहून जास्त फरक, दात्यांच्या रुळाशिवाय. चढ हजाराला सत्तर. ब्रुझियोला गाडी उघड्यावर गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते. इथं सगळे बेर्निना एक्सप्रेसच्या मागे लागतात, मोठ्या वाकड्या काचांचे डबे आणि आरक्षणाचे वेगळे पैसे. त्याच रुळावरून साध्या पॅसेंजरही धावतात, आरक्षणाची गरज नाही, वाटेत कुठंही उतरा, पुढची गाडी पकडा. त्यातल्या जुन्या डब्यांची खिडकी खाली सरकते. हाय वानच्या ओरखड्यांनंतर मला सरकणारी खिडकी हवी आहे. सेकंड क्लास, उजवी बाजू, कारण लागो बियांको हे तळं तिकडे आहे.

झुरिकहून व्हिएन्नाला रात्रीची नाइटजेट घ्यायचा मोह होता. सीट, कुशेट (साधे बर्थ) आणि स्लीपर असे तिचे प्रकार महिनाभर वाचून काढले. मग वहीचा पहिला रकाना आठवला. ती घेतली तर ऑस्ट्रियातला आर्लबर्गचा घाट अंधारात जातो. म्हणून दिवसाची रेलजेट, इकॉनॉमीच. फर्स्टमध्ये खुर्ची रुंद आहे, पण डोंगर तोच. जूनमध्ये गेलो तर तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची गाडीही चालेल असं वाटतंय. यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. युरोपातल्या अनेक देशांत चालणारा युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटं, हे अजून ठरत नाहीये. आम्ही चारच दिवस गाडीत असणार, आणि पास काढला तरी काही गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे लागतातच.

काल रात्री जेवताना हा सगळा बेत अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, ताक पिऊन झालं, वाटी ठेवली आणि विचारलं, "म्हणजे सगळ्या दिवसाच्याच गाड्या?"

"हो."

"बर्थ एकही नाही?"

"नाही."

"मग मी मोजू काय तिथं?"