एकच ढीग, दोन वावरं

थोरल्याच्या वावरातला भुईमूग हिरवागार आणि धाकट्याचा पिवळाधमक. मध्ये एक बांध आणि थोडासा उतार, बस्स. बियाणं एकाच वाणाचं, पेरणी एकाच आठवड्यातली आणि कंपोस्टच्या ट्रॉल्याही दोघांनी मिळून एकाच ढिगावरून भरून आणलेल्या. पुरंदरमधल्या या भावांना माझ्याकडून मातीचा अहवाल नको होता, भांडणाचा निकाल हवा होता. धाकट्याला खतवाल्याकडून पैसे परत मागायचे होते. "खत खराब आहे एवढं लिहून द्या मॅडम." शेजारी उभा असलेला थोरला लगेच म्हणाला, "आरं, मग माझ्यात कसं लागू पडलं?"

मी माती परीक्षणाचं काम करते. आमच्याकडे नमुने येतात ते बरेचदा युरियाच्या रिकाम्या गोणीत, नाहीतर उकिरड्याच्या कडेला उकरलेले. असल्या मातीचे आकडे कितीही काळजीने काढले तरी ते त्या शेताचे नसतात. म्हणून या वेळी मी स्वतःच वावरात गेले.

धाकट्याने पिवळेपणावर उपाय म्हणून वरून युरिया दिला होता. दुकानदाराने सांगितलेला. पीक पिवळं दिसलं की युरिया, हे आपल्याकडे इतकं रुजलंय की खाली वाकून पान बघायचे कष्ट कुणी घेत नाही. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा जुन्या पानात गेलं की तिथेच राहतं, त्यामुळे टंचाई दिसते ती शेंड्याला. इथे खालची पानं हिरवी होती, शेंड्याची पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या. काही रोपांचे शेंडे तर पांढुरके पडलेले. हा सरळसरळ केवडा होता, म्हणजे लोहाच्या टंचाईने येणारा पिवळेपणा. युरियाचा पैसा मातीत गेला.

मग खुरप्याने उकरलं. वर भेगाळायला लागलेली काळी माती, पण वीतभर खाली चिकट गारा. वरची भेग बघून पाणी द्यायचं ही सवय भारी जमिनीत फार नडते. त्या गाऱ्यात कंपोस्टमधल्या उसाच्या पाचटाचे बोटभर तुकडे न कुजता तसेच, वास आंबूस, आणि सोबत चुनखडीचे पांढरे खडे. पिशवीतली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढून मातीवर दोन थेंब टाकले तर फसफसून फेस आला. उताराच्या वरच्या अंगाला थोरल्याच्या मुरमाड मातीवर तेच थेंब टाकले, काही झालं नाही. दोघं भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. पुढे प्रयोगशाळेत मोजली तेव्हा धाकट्याच्या मातीत मुक्त चुनखडी 13 टक्के आणि सामू (pH) 8.4 निघाला, थोरल्याकडे चुनखडी 2 टक्क्यांच्या आत आणि सामू 7.3.

बसाल्टच्या मातीत लोह मुबलक असतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही. भुईमुगाचं मूळ आपल्याभोवती थोडं आम्ल सोडून लोह विरघळवून घेतं. अर्धकच्चं खत ओल्या मातीत कुजू लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी साचलेल्या भारी जमिनीत तो बाहेर पडत नाही, चुनखडीशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि मुळाने सोडलेलं आम्ल ते तिथल्या तिथे मारून टाकतं. वरच्या मुरमात पाणी थांबत नाही, हवा खेळते, चुनखडीही नाही. तिथे त्याच खताने ओल धरून ठेवली. त्यात कर्ब जास्त होता, त्यामुळे सुरुवातीला नत्र अडकलं असणार, पण हवेतलं नत्र धरणाऱ्या भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींनी ते भरून काढलं.

धाकट्याने सरकारी योजनेतून मिळालेली आपली मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती परीक्षणाचा कागद, दाखवली. थोरल्याचीही काढायला लावली. दोन्हींवरचे आकडे सारखेच! या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना घेतात, आणि दोघांची वावरं एकाच चौकटीत बसलेली. पत्रिकेवरच्या 12 घटकांत मुक्त चुनखडी नाहीच. मोठ्या भागाचा अंदाज यायला ही पद्धत ठीक आहे, पण शेतकरी तो कागद आपल्या बांधाच्या आतला समजून खत टाकतो, आणि तसं नाही हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. याचा मला राग येतो.

धाकट्याचा विश्वास बसेना. म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणि किंचित लिंबूसत्व पाण्यात विरघळवून ब्रशने काही पिवळ्या पानांना फक्त अर्ध्या भागावर लावलं आणि त्या फांद्यांना दोरा बांधून आले. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन. "मॅडम, अर्धं पान हिरवं झालंय!" फवारणीने पीक बरंच सावरलं, उत्पादन मात्र घटलंच.

आता कागदावर काय लिहायचं? खताचं कर्ब-नत्र गुणोत्तर मी काढलं होतं, 34. नीट कुजलेल्या कंपोस्टचं 20 च्या आत हवं. म्हणजे खतवाल्याने कच्चा माल विकला हे खरंच, आणि ते मी लिहिलं. पण पीक फक्त त्यामुळे बसलं असं लिहिता येईना, म्हणून चुनखडी आणि पाण्याचंही लिहिलं. धाकट्याला तो कागद अर्धा वाटला. "ह्यानं पैसं मिळायचं न्हाईत," म्हणाला, आणि पुन्हा कंपोस्टला हात लावणार नाही असंही. त्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब अवघा 0.38 टक्के आहे. चांगल्या कुजलेल्या खताची खरी गरज त्यालाच आहे, भारी माती मोकळी व्हायला दुसरं स्वस्त औषध नाही. आणि थोरला त्याच ढिगावरून आणखी दोन ट्रॉल्या आणायला निघालाय. असल्या कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते हे सांगितलं, तर हसला आणि आपल्या पिकाकडे बोट दाखवलं. त्याचं पीकच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

शेवटी धाकट्याकडून ओढ्याच्या बाजूचे दोन गादीवाफे मागून घेतले आहेत. एकात पूर्ण कुजलेलं खत, तेही मे महिन्यातच मिसळायचं. दुसऱ्यात काहीच नाही. पाणी वाफसा बघूनच, म्हणजे चिखल ओसरून मातीत हवा खेळू लागल्यावर. हो म्हणाला, पण खताचे पैसे तो देणार नाही. ते मी देणार आहे.