डब्याच्या वेळचा वाद

आज टेक्सस राज्यातल्या डॅलसच्या ऑफिसात डबा खाताना आरोग्य विम्यावरून चांगलीच जुंपली. सहकारी म्हणाला, "इमर्जन्सीत कुणालाच परत पाठवत नाहीत." खरंय, अमेरिकेत १९८६ पासून तसा कायदाच आहे. पण तिथे जीव सावरतात, रोजची शुगर कोण सांभाळणार? वर बिल येतं ते वेगळंच.

आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाईंना विमा नाही. परवा त्यांनी इन्सुलिनचं पेन दाखवलं. रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, एवढंच उरलंय, महिनाअखेरपर्यंत पुरवायचंय.

२०१० च्या 'ओबामाकेअर' कायद्याने गरीब प्रौढांना मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळणार होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. टेक्ससने अजून स्वीकारलेलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढला. चढू दे! ती रेघ डोळ्यांसमोरून हलत नाहीये.